परक्या केसांची साक्ष

कनकच्या डोक्यावरची पहिली चाई अल्फियाला दिसली.

सकाळी सराव सुरू होण्याआधी दोघी एकमेकींच्या वेण्या घालून देत. सुटे केस वाऱ्याने तोंडावर आले की वल्ह्यांचा ताल चुकतो. गंगापूर धरणाच्या काठावर रोइंग अकादमीची शेड होती. तिच्या पायरीवर कनक पुढे बसली होती आणि अल्फिया मागे. अल्फियाचा हात मध्येच थांबला.

"काय गं?"

"कानामागे केसच नाहीत तुझे. रुपयाएवढी जागा गुळगुळीत आहे."

"तूच ओढले असशील."

"ओढून असे गोल निघतात का?"

कनकने बोट लावून पाहिलं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. काचेवरून फिरवल्यासारखं बोट घसरलं. "त्याच्यावरून वेणी घे," ती म्हणाली आणि शेडमधून आपली होडी काढायला गेली. एकटीने वल्हवायच्या बोटीत ती राज्यात दुसरी आली होती आणि जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होती. सोळाव्या वर्षी तिला त्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं.

गणपतीपर्यंत तशा जागा चार झाल्या, मग त्या एकमेकींत मिसळल्या. उशीवर केस, वहीत केस, डब्यातल्या भातात केस. अंघोळ करताना मोरीची जाळी तुंबायची आणि साबणाच्या पाण्यात पाय बुडेपर्यंत कनक तशीच उभी राहायची, कारण जाळी साफ करायची म्हणजे तो ओला गोळा हातात घ्यायचा. दसरा झाला तेव्हा डोकं पूर्ण मोकळं झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत भुवया गेल्या, पाठोपाठ पापण्या. पापण्या कशासाठी असतात ते तिला तेव्हा कळलं. धरणावरची धूळ आता थेट डोळ्यांत जायची.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर इनामदार पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी भिंगातून टाळू तपासली, नखं पाहिली. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते.

"आपल्या शरीरात रक्षक पेशी असतात," त्या म्हणाल्या. "बाहेरचा जंतू आला की त्या तुटून पडतात. तुझ्या पेशींनी तुझ्या केसांच्या मुळांनाच परकं ठरवलंय. मुळं मेलेली नाहीत, झोपली आहेत. उद्या जागी होतील, नाहीतर होणारही नाहीत."

"पण असं झालं का?" कनकच्या आईने, तृप्तीबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"काहीतरी कारण असेल ना! खाण्यात, अभ्यासाच्या ताणात..."

"कारण असेल. मला माहीत नाही. कुणालाच नक्की माहीत नाही."

कनकला डॉक्टर एकदम आवडल्या. तृप्तीबाई मात्र गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होत्या, "केशलेखात तर काहीच नव्हतं. एवढा सरळ आलेख होता."

केशलेख ठाऊक नाही असं घर तेव्हा शहरात सापडलं नसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना त्याच्या मुळाला रक्त मिळतं आणि त्या दिवसांत रक्तात जे काही असेल त्याचा अंश केसात अडकतो. ताणाचं संप्रेरक असो, लोह असो, निकोटीन असो, नाहीतर चोरून घेतलेलं एखादं औषध. म्हणजे वीतभर केसात दीड वर्षाची हकीकत साठलेली असते. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं, पण इतकी बारीक अक्षरं वाचायची कशी हा प्रश्न होता. तो एका यंत्राने सोडवला. चहाच्या किटलीएवढं यंत्र. त्यात केस ताणून बसवायचा. लेसरचा किरण केसावरून सरकत जातो आणि अगदी पातळ थर उडवतो. उडालेल्या वाफेतले रेणू यंत्र ओळखतं, आणि पडद्यावर महिन्यामागून महिना उमटत जातो.

ते आलं खेळाडूंच्या उत्तेजक चाचणीसाठी. रक्त, लघवी फार तर गेल्या काही दिवसांचं सांगतात. केस वर्षभराचं सांगतो, आणि तेही स्वस्तात. मग रक्ततपासणीच्या सोयी एकेक करून मोडीत निघाल्या. पुढे विमा कंपन्यांनी केशलेख मागायला सुरुवात केली, कॉलेजांनी मागितला, आणि शेवटी घरात वापरायचं लहान यंत्र निघालं, आईबापांसाठी.

तृप्तीबाईंचं कॉलेज रोडला चष्म्याचं दुकान. कनकचे वडील मस्कतला. दिवसभर दुकान सांभाळणाऱ्या बाईला त्या यंत्राचा केवढा आधार वाटला असेल! महिन्याच्या सुरुवातीला मुलीचा एक केस घ्यायचा, आलेख बघायचा, तो मस्कतला पाठवायचा. पोरगी जेवतेय, झोपतेय, कसलं व्यसन नाही. मग विचारायचं काय उरतं? तसं त्या घरात कुणी काही विचारत नव्हतंच.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात टाळूवर पिवळसर लव आली तेव्हा तृप्तीबाईंनी पेढे आणले. पण गोळ्या रक्षक पेशींनाच गप्प बसवणाऱ्या होत्या. कनकचा घसा सारखा धरू लागला, ताप यायचा, सराव बुडायचा. एका तापात लवही गळून गेली. डॉक्टर म्हणाल्या, "दुसरं औषध आहे, पण जास्त कडक आहे. घाई नाही. तू ठरव."

"मला वल्हवायचंय," कनक म्हणाली. "आजारी पडून केस नकोत मला."

तृप्तीबाईंनी घरी आल्यावर कपाटातून एक चपटा खोका काढला. आत विग होता. काळाभोर, कमरेपर्यंत येईल असा.

"रंग दिलेला नाही, कसलं रसायन लावलेलं नाही. अस्सल केस आहेत."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? असतील कुणाचे तरी."

"आई, टोपी पुरते मला. उन्हाची टोपी सगळ्याच घालतात."

"टोपी काढायची वेळ आली तर? निवड तोंडावर आलीय, कनु. लोकांना विषय कशाला द्यायचा? एकदा निवड होऊ दे, मग डोक्यावर काय घालायचं ते घाल नाहीतर घालू नकोस."

कनकने विग घातला. आईने पेन्सिलने भुवया काढून दिल्या. आरशात एक ओळखीची वाटणारी मुलगी उभी होती. अल्फियाने ती पाहिली आणि म्हणाली, "छान दिसतेयस. पण तुझ्यासारखी नाही दिसत."

डिसेंबरात अकादमीत केशलेखाचे नमुने घ्यायला माणूस आला. कानात गाणी लावलेला, कंटाळलेला. मुली ओळीने खुर्चीत बसत, तो मानेजवळची बट उचलून कात्री लावी, कुपीत टाकी, नाव चिकटवी. कनकच्या मानेवर त्याची थंड बोटं आली तेव्हा 'थांबा' हा शब्द तिच्या तोंडात तयार होता. तो बाहेर पडेपर्यंत कात्री वाजलीसुद्धा. "पुढची," तो म्हणाला.

अल्फियाने तिला शेडमागे गाठलं. "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? सगळ्यांसमोर विग उचलून दाखवू?"

"ते वाचणार आहेत तो केस."

"वाचू देत. निर्जीव विग आहे. त्यात काय असणार?"

त्याच आठवड्यात आईसह हजर राहा असा निरोप आला.

निवड समितीचे अध्यक्ष सोनटक्के टेबलामागे बसले होते. शेजारी प्रशिक्षक कासार मॅडम. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वरखाली होणारी रंगीत रेघ होती.

"मॅडम, विषय नाजूक आहे," सोनटक्के तृप्तीबाईंना म्हणाले. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही. "केशलेख तोलून मापून सांगतो, त्यात भावनेला जागा नसते. इथून इथपर्यंत ही रेघ बघा. ही गर्भारपणाची संप्रेरकं आहेत. इथे एकदम खाली. म्हणजे बाळंतपण. गेल्या एप्रिलच्या सुमारास."

तृप्तीबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आणि त्यानंतर बघा. लोह जवळजवळ नाही. प्रथिनं नाहीत. उपासमारच म्हणायची. ताण तर पडद्याच्या बाहेर गेलाय."

"सर, हे शक्य नाही," कासार मॅडम म्हणाल्या. "एप्रिलमध्ये ही पोरगी राज्य स्पर्धेत उतरली होती. अंगाला चिकटून बसणारा पोशाख असतो आमचा. मी रोज बघत होते हिला पाण्यावर."

"कासार, तुम्ही डोळ्यांनी बघता. यंत्र आतलं बघतं."

तृप्तीबाई कनककडे वळल्या. "कोण आहे तो?"

कनकला आधी कळलंच नाही. "काय?"

"कोण आहे तो, विचारतेय मी."

"आई," कनक अगदी हळू म्हणाली, "एप्रिलमध्ये आपण दोघी एका खोलीत झोपत होतो. तुझ्या पाठीला मी मलम लावत होते."

तृप्तीबाईंची नजर मुलीवरून पडद्यावर गेली, पडद्यावरून पुन्हा मुलीवर. त्या ठरवत होत्या. कोणाचं खरं मानायचं ते ठरवत होत्या, आणि कनकला ते स्पष्ट दिसलं. केस गेले तेव्हा, भुवया गेल्या तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. आणि लागल्याबरोबर तिच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं.

तिने दोन्ही हातांनी विग उचलला आणि सोनटक्केंच्या टेबलावर ठेवला. मग रुमालाने कपाळ पुसलं. पेन्सिलीच्या भुवया रुमालावर आल्या.

"हे केस ज्या बाईचे आहेत तिचा आहे तो आलेख," ती म्हणाली. "माझ्याकडे एकही केस नाही. हातावर नाही, कुठेच नाही. हवं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र देते."

कासार मॅडम अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"म्हणजे तू खोटा नमुना दिलास," सोनटक्के म्हणाले. चूक कळल्यावर माणसाला लाज वाटते तशी त्यांना वाटली असावी, पण ती दुसऱ्यावर ढकलण्याची त्यांना सवय होती.

"तुमच्या माणसाने कापला. मी गप्प राहिले, ते चुकलं माझं. त्याची शिक्षा द्या. पण आधी हा पडदा बंद करा."

"का?"

"कारण ती कुणीतरी आहे. तिला बाळ झालं, मग तिला खायला मिळालं नाही, मग तिने केस दिले नाहीतर विकले. हे आपण चौघं इथे बसून बघतोय. तिला कुणी विचारलं होतं?"

सोनटक्के हलले नाहीत. कासार मॅडमनी उठून पडदा बंद केला.

मायलेकी तिथून सरळ दुकानात आल्या. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. नंबर तपासायच्या खुर्चीत कनक बसली, समोरच्या भिंतीवर लहानमोठी अक्षरं होती. तृप्तीबाई बराच वेळ एकच काच पुसत राहिल्या.

"मी तुला विचारायला हवं होतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"विचारलंस की. कोण आहे तो म्हणून."

काच खाली ठेवली गेली. तृप्तीबाई रडल्या नाहीत, माफीही मागितली नाही. स्टूल ओढून त्या मुलीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. "गेल्या पाच-सहा महिन्यांत तुला काय काय झालं, मला सांग. मला खरंच काही माहीत नाही."

कनक बोलू लागली. मोरीच्या जाळीचं सांगितलं. वर्गातल्या एकाने टोपी ओढली होती आणि मग स्वतःच घाबरून परत दिली होती, ते सांगितलं. "विग घातला की मला चोर असल्यासारखं वाटतं. आणि तू पेढे आणलेस ना, त्या दिवशी मला फार भीती वाटली. म्हटलं, हे पण गेले तर आईला कसं सांगू?" सांगता सांगता तिला रडू आलं आणि रडताना रागही आला. "तुला माझी लाज वाटते का?"

"नाही," तृप्तीबाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "थोडी वाटत होती. आता स्वतःची वाटतेय."

एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची दांडी तुटली म्हणून आत आले. कनकचं उघडं डोकं आणि दोघींचे लाल डोळे बघून ते दारातच थबकले. "या ना काका," कनक नाक पुसत म्हणाली, "बसा. आई करून देईल."

समितीचा निर्णय आला. खोट्या नमुन्याबद्दल वर्षाची बंदी. पण एक सवलत होती. कनकने दंडावर घामपट्टी लावली तर बंदी उठेल. ही पट्टी नाण्याएवढी. कातडीतून झिरपणारा घाम ती क्षणाक्षणाला तपासते. झोप, भूक, ताण, माणूस कुठे आहे, कुणाजवळ असताना त्याचं काळीज जोरात धडधडतं, सगळं नोंदवते. ते अकादमीला जाणार, विमा कंपनीला जाणार, घरी जाणार.

कासार मॅडमनी आधी नखांचा पर्याय सुचवला. नखातही तशाच नोंदी असतात. पण खड्डे पडलेल्या नखांवर किरण अडखळला आणि यंत्राने भलतंच काहीतरी छापलं. घामपट्टी हाच मार्ग उरला.

"लावून टाक ना, कनु," तृप्तीबाई म्हणाल्या. "मी बघणार नाही त्यात काय येतं ते. शपथ."

"तू नाही बघणार. ते बघतील."

"वर्ष जाईल तुझं."

"आई, मी उत्तेजक घेते का, एवढंच त्यांना बघायचा हक्क आहे ना? बघू देत. रक्त घ्या, लघवी घ्या, न सांगता घरी या, मी दार उघडीन. पण मी रडले कधी, जेवले किती, घाबरले कुणाला, हे त्यांना कशाला हवं? त्याने बोट जोरात जाते का?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तृप्तीबाई डॉक्टर इनामदारांकडे गेल्या. सरकारी रुग्णालयात जुन्या पद्धतीची रक्ततपासणी अजून होते, विषबाधेच्या तपासासाठी ती चालू ठेवली आहे, हे तिथे कळलं. कनकच्या केसाऐवजी रक्त तपासावं, असा अर्ज त्यांनी स्वतः समितीकडे नेऊन दिला. सोनटक्केंनी तो वाचला. "एका मुलीसाठी नियम बदलत नसतात," ते म्हणाले.

"एका मुलीसाठीच बदलतात," तृप्तीबाई म्हणाल्या. "बाकीच्यांना बदलायची गरज कधी पडते?" घरी येऊन त्यांनी घरचं केशलेखाचं लहान यंत्र फडताळात, रिकाम्या बरण्यांच्या मागे सारून दिलं.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी अल्फिया आली. जिन्यातच उभी राहिली.

"आत ये की."

"नाही. ऐकून घे आधी. तू नसलीस तर माझी निवड होईल. मला आनंद होतोय, आणि होतोय म्हणून स्वतःचा राग येतोय. तुला सांगितल्याशिवाय झोप लागली नसती."

खरं तर कनकला वाईट वाटलं, पण इतकं सरळ बोलणाऱ्या मुलीवर चिडायचं कसं? "जोरात वल्हव," ती म्हणाली. "मी नाही म्हणून हळू गेलीस तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही. आणि मी नाही असं कुणी सांगितलं?"

कारण कासार मॅडमचा फोन येऊन गेला होता. "स्पर्धेच्या दिवशी धरणाला कुलूप लावत नाहीत," त्या म्हणाल्या होत्या. "माझी जुनी बोट शेडमध्ये आहे. ती अकादमीची नाही, माझ्या पैशाची आहे. जड आहे. पुढचं मी काही बोललेले नाही."

सकाळी धरणावर बोचरी थंडी होती. एका बाजूला सौर पट्ट्यांची तरंगती शेतं पसरली होती, त्यांच्या कडेने तरंगते लाल गोळे रांगेने टाकून पाच मार्ग आखले होते. काठावर पालक, शिक्षक, दुर्बिणी. पाच बोटी सुरुवातीच्या रेषेवर आल्या. सहावी, जुनी, रंग उडालेली बोट शेवटच्या रांगेच्या बाहेरून हळूहळू येऊन त्यांच्या बरोबरीने थांबली. वल्हवणारीच्या डोक्यावर टोपी नव्हती, भुवया काढलेल्या नव्हत्या. उगवतं ऊन तिच्या टाळूवर लख्ख पडलं होतं.

"कनक खैरनार, बाहेर व्हा!" सोनटक्केंचा आवाज कर्ण्यातून आला. "तुमचा या स्पर्धेशी संबंध नाही!"

"मी बाहेरच आहे, सर!" कनक ओरडली. "गोळ्यांच्या बाहेर!"

काठावर कुणीतरी हसलं. तृप्तीबाई हसल्या नाहीत. त्या अगदी पाण्याच्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांच्या चपला भिजत होत्या.

निशाण पडलं. जुनी बोट पहिल्या दहा-बारा वल्ह्यांना जागची हलेना. कनक मागे पडली. वल्हवणारीची पाठ पुढच्या दिशेला असते, त्यामुळे पुढे गेलेल्या बोटी तिला दिसत नाहीत, फक्त त्यांनी कापलेल्या पाण्याच्या लाटा दिसतात. त्या लाटा बघत तिने पाय दाबले. बोटीने वेग धरला. एक बोट नजरेच्या टप्प्यात आली, म्हणजे मागे पडली. मग दुसरी. वारा उघड्या टाळूवरून, कानांवरून सरळ वाहत होता. घाम कुठेच न अडता डोळ्यांत उतरत होता, भुवया नव्हत्या ना. तिने डोळे मिटले आणि नुसत्या तालावर वल्हवत राहिली. फुप्फुसं फाटतील असं वाटलं तेव्हा आईचा आवाज ऐकू आला. "कनु, दाब! दाब!" तृप्तीबाईंना रोइंगमधलं तेवढंच येत होतं.

अल्फिया पहिली आली. अर्ध्या बोटीच्या अंतराने कनक, आणि तिच्या मागे सांगलीची एक उंच मुलगी. कनकची वेळ कुणी नोंदवली नाही. पण काठावरच्या प्रत्येकाने दोन बोटींमधलं ते अंतर पाहिलं होतं.

धक्क्यावर केस घ्यायला तोच माणूस उभा होता. शर्यत संपल्यावर पहिल्या दोघींनी नमुना द्यायचा, असा नियम. अल्फिया धापा टाकत पुढे आली, टोपी काढली आणि स्वतःची वेणी मुठीत धरली.

"आधी हिची चाचणी," ती म्हणाली.

"ती स्पर्धेत नव्हती," सोनटक्के म्हणाले.

"मग माझा केस नाही मिळणार. रक्त घ्या माझं. हिने सांगितलं तसंच."

"अल्फिया मणियार, विचार कर. निवड जाईल हातची."

अल्फियाने काठाकडे पाहिलं. तिचे अब्बू पहिल्यांदाच शर्यत बघायला आले होते, गर्दीत मागे उभे होते. "अहो साहेब," ते तिथूनच म्हणाले, "रक्त देतेय म्हणते पोरगी. केसापेक्षा ते जास्तच झालं की!"

या वेळी बरेच जण हसले. सांगलीची मुलगी या दोघींना ओळखतही नव्हती. तिने ओले केस वर गुंडाळून घट्ट अंबाडा बांधला आणि अल्फियाशेजारी येऊन उभी राहिली. "माझा केशलेख आमच्या अख्ख्या वसतिगृहाला माहीत असतो," ती म्हणाली. "मला तरी कुठे आवडतं ते."

कात्रीवाला सोनटक्केंकडे बघू लागला. निवड करायची तर नमुना हवा, आणि नमुना देणारं कुणी नव्हतं. कासार मॅडम तोवर बाजूला जाऊन सरकारी रुग्णालयाशी फोनवर बोलत होत्या, आणि मुद्दाम मोठ्याने बोलत होत्या.

पुढचं सगळं सोपं झालं नाही. कनकच्या बंदीवर दोन महिने चर्चा चालली. अल्फिया त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेला गेली, कनक गेली नाही. पुढच्या हंगामात नियम आला की खेळाडूने केस द्यावा किंवा रक्त, ते त्याने ठरवावं, आणि दोन्हींत फक्त उत्तेजकं शोधावीत, बाकी काही वाचू नये. कनक राज्याच्या संघात आली. तिचे केस आले नाहीत. डोक्याला ती खोबरेल तेल लावते आणि टोपी घालते ती फक्त उन्हासाठी.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दुपारी सरकारी रुग्णालयाची गाडी धरणावर आली. उतरलेल्या नर्सबाई वयस्कर होत्या. इतक्या वर्षांत खेळाडूंचं रक्त घ्यायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी शेडच्या सावलीत टेबल मांडलं, कापूस, सुया, रबरी पट्टा काढला आणि तिघींकडे पाहिलं.

"पहिली कोण?"

कनक पुढे होऊन खुर्चीत बसली. नर्सबाई तिच्या डोक्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई! केसांना काय झालं गं?"

"गेले," कनक म्हणाली आणि बाही वर सारली. "कुठला हात देऊ, डावा की उजवा?"